होम स्क्रीनवरची जागा

(गुंजवणे येथील स्मृतिव्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचा लेखी मजकूर)



ज्या गुरुजींच्या स्मरणार्थ आपण जमलो आहोत, ते विज्ञानाची कोणतीही गोष्ट शेवटच्या बाकावरच्या मुलाला कळेपर्यंत सांगत राहायचे, असे मला इथे आल्यावर समजले. आजचा विषय वरवर पाहता मोठ्या कंपन्यांच्या भांडणाचा आहे. गूगल, अमेझॉन, सॅमसंग, एलजी, जिओ अशा कंपन्या घरातल्या टीव्हीवर कोणाचे सॉफ्टवेअर चालावे म्हणून झगडत आहेत. हे भांडण या खोऱ्यातल्या घराघराचे का आहे, तेवढेच मला सांगायचे आहे.

या भागाला टीव्ही दाखवला सिंहगडाने. २ ऑक्टोबर १९७२ रोजी मुंबई दूरदर्शन सुरू झाले आणि पुढच्या वर्षी पुण्यासाठी सिंहगडावर सहक्षेपण केंद्र आले. हवा स्वच्छ असली की इथल्या राजगडावरून सिंहगडचा मनोरा ओळखता येतो. पण टीव्हीच्या लहरी जवळजवळ सरळ रेषेत जातात. गडावरून जो मनोरा दिसतो तो गडाच्या पायथ्याच्या घराला दिसत नाही. मध्ये डोंगर असतो. त्यामुळे पुण्यात लोक ‘आमची माती, आमची माणसं’ पाहत होते, तेव्हा मावळातल्या कितीतरी घरांत अँटेना कसाही फिरवला तरी पडद्यावर मुंग्याच. ही अडचण निसर्गाची होती. ती कोणी ठरवून केली नव्हती, आणि तिच्यातून कोणाला पैसाही मिळत नव्हता.

डोंगराचा अडसर छत्रीने काढला. डिसेंबर २००४ मध्ये प्रसार भारतीने डीडी डायरेक्ट प्लस सुरू केले. आज त्याला आपण डीडी फ्री डिश म्हणतो. एकदा छत्री आणि डबा घेतला की महिन्याचे रिचार्ज नाही. या सेवेची एक गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. फ्री डिशवर जागा हवी असलेल्या खासगी वाहिनीला लिलावात उतरावे लागते. बोली जाहीर नियमांनी लागते, पैसा सार्वजनिक संस्थेकडे जातो आणि कोणाला जागा मिळाली हे सगळ्यांना कळते. जागा विकलीच जाते, पण उघड्यावर.

केबलचे तसे नव्हते. तो इतिहास मी जरा थांबून सांगतो, कारण आजच्या प्रश्नाचे उत्तर तिथेच सापडते. १९९० च्या दशकात केबल शहरांत आणि बाजारपेठेच्या गावांत पसरली, तेव्हा घरोघरचे टीव्ही जुने होते. त्यांच्यावर मोजक्याच वाहिन्या लागायच्या. केबलच्या तारेतल्या वारंवारितेचे पट्टे असत: प्राइम बँड, एस बँड, हायपर बँड. प्राइम बँडमधली वाहिनी प्रत्येक संचावर दिसे, तीही स्वच्छ. हायपर बँडमधली वाहिनी जुन्या संचावर लागतच नसे. म्हणून वाहिन्या केबलवाल्यांना आणि त्यांच्या वरच्या बड्या वितरकांना पट्ट्याचे पैसे देऊ लागल्या. प्रेक्षकाला वाटे, अमुक वाहिनी लोकांना आवडते म्हणून तिसऱ्या नंबरवर आहे. प्रत्यक्षात तो नंबर विकत घेतलेला असे.

आपल्या देशाने ही गोष्ट तशीच सोडून दिली नाही. १९९५ च्या केबल कायद्याने दूरदर्शनच्या ठरावीक वाहिन्या दाखवणे प्रत्येक केबलचालकावर बंधनकारक केले. पुढे दूरसंचार नियामक प्राधिकरणाने, म्हणजे ट्रायने, वाहिनीने वितरकाला द्यायच्या शुल्कावर मर्यादा घातली. २०१७ च्या नियमांत तर वाहिन्यांची यादी कशी लावायची तेही सांगितले: बातम्यांच्या वाहिन्या एका गटात, चित्रपटांच्या एका गटात, गटामध्ये एका भाषेच्या एकत्र. कोणाचीही वाहिनी दोन ठिकाणी घुसवायची नाही. छत्री किंवा केबलच्या डब्यावर मराठी वाहिन्या ओळीने सापडतात, त्यामागे हा नियम आहे. त्या वितरकाच्या मेहेरबानीने तिथे बसलेल्या नाहीत.

आता नेटवर चालणारा टीव्ही घ्या, ज्याला आपण स्मार्ट टीव्ही म्हणतो. वाडीवर रेंज मिळो न मिळो, दुकानात आज बहुतेक वेळा संच स्मार्टच मिळतो. तो सुरू केला की वाहिनी लागत नाही. आधी होम स्क्रीन येते. वर मोठी जाहिरात, खाली अ‍ॅपच्या चौकोनांची रांग, त्याखाली ‘तुमच्यासाठी’ म्हणून सुचवलेले कार्यक्रम. रिमोटवर चार-पाच कंपन्यांच्या नावांची बटने छापलेली. नेटफ्लिक्सने २०११ मध्ये अमेरिकेत स्वतःच्या नावाचे बटन रिमोटवर बसवून घ्यायला सुरुवात केली आणि मग ती रीतच पडली. हे बटन, ती पहिली रांग, तो वरचा चौकोन यांना बाजारात किंमत आहे. ती किंमत दोन कंपन्यांच्या खासगी करारात ठरते. केबल कायदा तिथे पोहोचत नाही, २०१७ ची यादी लावण्याची सक्ती पोहोचत नाही, फ्री डिशसारखा लिलावही नाही. प्राइम बँड परत आला आहे, आणि या वेळी त्याच्यावर नियम नाहीत. माझे म्हणणे एवढेच आहे: होम स्क्रीनवरच्या जागेलाही केबलला लावला तसा सार्वजनिक नियम लागला पाहिजे.

कंपन्या या जागेसाठी एवढ्या का झुंजतात, ते संच बनवणाऱ्यांच्या हिशेबातून कळते. एके काळी टीव्ही म्हणजे पिक्चर ट्यूब आणि पेटी. महाराष्ट्र त्यात मागे नव्हता. औरंगाबादची, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरची, व्हिडिओकॉन आणि मुंबईची ओनिडा यांचे संच देशभर खपले. संच विकला की फायदा हातात आला, व्यवहार संपला. व्हिडिओकॉन पुढे कर्जाच्या ओझ्याखाली दिवाळखोरीत गेली, ती गोष्ट वेगळी. पण दरम्यान धंद्याचा गाभाच सरकला होता. अमेरिकेत रोकू ही कंपनी आपली उपकरणे तोट्यात विकते आणि जाहिराती व वर्गणीतल्या वाट्यावर जगते. व्हिझिओ या संच बनवणाऱ्या कंपनीचा बराचसा नफा संचांपेक्षा होम स्क्रीनवरून येऊ लागला, आणि वॉलमार्ट या किराण्याच्या महाकाय दुकानदाराने ती २.३ अब्ज डॉलरना विकत घेतली. हा व्यवहार डिसेंबर २०२४ मध्ये पूर्ण झाला. दुकानदाराला टीव्हीची कंपनी हवी झाली, कारण व्हिझिओच्या १ कोटी ८० लाखांच्या आसपास खात्यांपुढे रोज जाहिरात ठेवता येते. संच स्वस्त का झाला, याचे एक कारण हेच. उरलेली किंमत आपण रोज जाहिराती पाहून फेडतो.

या झगड्याचा इतिहास तसा जुना. मायक्रोसॉफ्टने १९९७ मध्येच वेबटीव्ही ही कंपनी ४२.५ कोटी डॉलरना घेतली होती. संगणक नसलेल्या घरात टीव्हीतून शिरावे, हा बेत होता. फारसे जमले नाही. २०१० मध्ये गूगलने सोनी, इंटेल आणि लॉजिटेकला बरोबर घेऊन गूगल टीव्ही आणला, तोही आपटला आणि लॉजिटेकला त्यात मोठी खोट बसली. २०१४ मध्ये अँड्रॉइड टीव्ही आला तेव्हा मात्र नेट पुरेसे वेगवान झाले होते आणि घरोघरच्या फोनवर अँड्रॉइड आधीच बसले होते.

या सगळ्यात एका सॉफ्टवेअरची कहाणी मला सांगावीशी वाटते, कारण तिचा एक धागा आपल्याच जिल्ह्यात येतो. २००९ मध्ये पाम या अमेरिकन कंपनीने फोनसाठी वेबओएस काढले. जाणकारांनी नावाजले, पण फोन खपले नाहीत. २०१० मध्ये एचपीने पाम कंपनी घेतली आणि वेबओएसवर टॅब्लेट काढला. २०११ मध्ये तो काही आठवड्यांत बंद करून टाकला. संपले म्हणून ज्याकडे सगळ्यांनी पाठ फिरवली, ते सॉफ्टवेअर एलजीने २०१३ मध्ये विकत घेतले आणि टीव्हीत घातले. आज एलजीच्या जवळपास सर्व स्मार्ट टीव्हींचा तो आधार आहे. आणि एलजीचा भारतातला एक मोठा कारखाना शिरूर तालुक्यात रांजणगावला आहे. पुणे जिल्ह्यातले हात संच जोडतात. त्या संचावर पहिल्यांदा काय दिसावे, हे सेऊलमध्ये ठरते. मी यात परके-आपले असा भेद करत नाही. कामगाराला काम मिळाले, चांगलेच झाले. पण आजच्या टीव्हीत मोलाचा भाग कोणता आणि तो कुठे राहतो, ते यावरून नीट दिसते.

आता गूगलवर भारतात झालेल्या खटल्याकडे येतो. अँड्रॉइड हे मूळ सॉफ्टवेअर गूगल कोणालाही फुकट देते. मात्र प्ले स्टोअर आणि यूट्यूबसकट गूगलची अ‍ॅप हवी असतील तर करार करावे लागतात. त्यांतल्या एका कराराप्रमाणे गूगलची अ‍ॅप एकगठ्ठा घालावी लागत. हवे ते घ्या, नको ते सोडा, अशी सोय नव्हती. दुसऱ्या करारातली अट अधिक कडक होती. अँड्रॉइडमध्ये आपल्या मनाने बदल करून बनवलेले सॉफ्टवेअर त्या कंपनीने आपल्या कोणत्याच उपकरणावर चालवायचे नाही. अमेझॉनचे फायर टीव्ही हे असेच बदललेले अँड्रॉइड. म्हणजे एखाद्या कंपनीला दहा मॉडेलांत गूगलचे सॉफ्टवेअर आणि अकराव्यात अमेझॉनचे घालायचे म्हटले, तर दहा मॉडेलांवर पाणी सोडायची तयारी हवी. तीच कंपनी फोनही बनवत असेल तर धोका फोनपर्यंत. भारतात असे धाडस करणाऱ्या सुरुवातीच्या ब्रँडांत आपली ओनिडा होती. डिसेंबर २०१९ मध्ये तिने फायर टीव्हीचे संच बाजारात आणले.

२०२० मध्ये दोन वकिलांनी या करारांविरुद्ध भारतीय स्पर्धा आयोगाकडे माहिती दाखल केली. आयोगाला २२ जून २०२१ रोजी सकृद्दर्शनी तथ्य दिसले आणि त्याने चौकशीचा आदेश दिला. त्याच सुमारास फोनच्या अँड्रॉइडचीही चौकशी चालू होती. त्या प्रकरणात ऑक्टोबर २०२२ मध्ये गूगलला १,३३७.७६ कोटी रुपयांचा दंड झाला. टीव्हीचे प्रकरण निकालापर्यंत गेले नाही. २०२३ मध्ये स्पर्धा कायद्यात दुरुस्ती होऊन तडजोडीचा मार्ग खुला झाला होता, आणि २१ एप्रिल २०२५ रोजी आयोगाने त्या तरतुदीखालची पहिली तडजोड याच प्रकरणात मान्य केली. गूगलने २०.२४ कोटी रुपये भरायचे. भारतातल्या टीव्हींसाठी प्ले स्टोअर आणि त्यामागच्या सेवा शुल्क घेऊन सुट्या द्यायच्या, बाकीची अ‍ॅप घेतलीच पाहिजेत असे नाही. आणि गूगलची अ‍ॅप नसलेल्या संचांवर त्या दुसऱ्या कराराची बंधने लागू करायची नाहीत. ही सारी व्यवस्था पाच वर्षांसाठी.

वर्तमानपत्रांनी रकमेचा मथळा केला. गूगलच्या मानाने २० कोटी म्हणजे काहीच नाही, अशी टीकाही झाली. मला रकमेचे फारसे महत्त्व वाटत नाही. अटी मोलाच्या आहेत, आणि त्या मिळवल्याबद्दल आयोगाला श्रेय दिले पाहिजे. पण नीट पाहा, मोकळीक मिळाली ती कोणाला? संच बनवणाऱ्याला. काल त्याला एकाच कंपनीशी करार करावा लागत होता, आज तो चार कंपन्यांत घासाघीस करू शकतो. होम स्क्रीनवरची जागा तो आता अधिक चांगल्या भावाने विकेल. ज्या घराने पैसे मोजून संच आणला, त्या घरात पहिल्या रांगेत काय असावे, हे ठरवण्याचा हक्क घरवाल्यांना या तडजोडीने दिलेला नाही. स्पर्धा वाढली की ग्राहकाचे हित आपोआप होते, असे आपल्याला शिकवले जाते. इथे ते आपोआप होत नाही.

मोठ्यांची स्पर्धा प्रेक्षकाच्या अंगावर कशी येते, याचे उदाहरण फार दूरचे नाही. गूगलचे क्रोमकास्ट हे टीव्हीचे उपकरण अमेझॉनने २०१५ मध्ये आपल्या दुकानातून काढून टाकले. गूगलने उत्तर म्हणून १ जानेवारी २०१८ पासून फायर टीव्हीवरचे यूट्यूबचे अ‍ॅप थांबवण्याचे जाहीर केले. ते अधिकृत अ‍ॅप परत यायला जुलै २०१९ उजाडले. दीड वर्ष! ज्यांनी पूर्ण पैसे देऊन उपकरण घेतले होते ते दोघांच्या भांडणात अडकले. उपकरण बिघडले नव्हते, नेट बंद नव्हते. डोंगराआडच्या मुंग्या निसर्गाच्या होत्या. हा अडथळा माणसांनी ठरवून उभा केला होता.

‘मग आपली भारतीय कंपनी असली की प्रश्न सुटेल’ असे कोणी म्हणेल. मुंबईच्या जिओने फेब्रुवारी २०२५ मध्ये जिओटेली ओएस हे टीव्हीचे सॉफ्टवेअर आणले, भारतीय भाषांसाठी म्हणून. त्याच महिन्यात जिओसिनेमा आणि हॉटस्टार एक होऊन जिओहॉटस्टार झाले. आता चित्र असे आहे की, नेट पुरवणारे, कार्यक्रम दाखवणारे आणि होम स्क्रीन ठरवणारे एकाच समूहातले असू शकतात. त्या सॉफ्टवेअरमध्ये मराठी नीट चालत असेल तर मला आनंदच आहे. पण ज्याच्या हाती जागा आहे त्याचेच स्वतःचे कार्यक्रमही असतील, तर तो शेजाऱ्याला पहिली रांग कशाला देईल? सॅमसंगनेही मार्च २०२१ पासून भारतात सॅमसंग टीव्ही प्लस या नावाने वाहिन्यांचा स्वतःचा गुच्छ संचातच दिला आहे. प्रश्न मालकाच्या देशाचा नाही, मालकाच्या दुहेरी भूमिकेचा आहे.

यात मराठीचे काय होते? माझ्या काळजीचा खरा विषय हा आहे. एखाद्या मराठी निर्मात्याला स्वतःचे अ‍ॅप टीव्हीवर आणायचे असेल तर ते एकदा करून भागत नाही. अँड्रॉइडसाठी वेगळे, सॅमसंगच्या टायझेनसाठी वेगळे, वेबओएससाठी वेगळे, फायर टीव्हीसाठी पुन्हा तपासणी. दर वर्षी सॉफ्टवेअर बदलले की दुरुस्ती, जुन्या संचांसाठी निराळी. हजारो अभियंते असलेल्या कंपनीला हा खर्च जाणवत नाही. दहा-वीस माणसांच्या मराठी संस्थेचा तो वर्षाचा हिशेब बिघडवतो. प्लॅनेट मराठीने २०२१ मध्ये ‘जून’ या चित्रपटापासून केवळ मराठीसाठीचे ओटीटी उभे करण्याचा प्रयत्न केला. अशा प्रयत्नांपुढे कार्यक्रम बनवण्याचे आव्हान असतेच. पण कार्यक्रम बनल्यावरही तो चौथ्या पानावर, अ‍ॅपच्या दुकानात नाव शोधून उतरवल्याशिवाय मिळत नसेल, तर साताऱ्याच्या किंवा वेल्ह्याच्या आजीबाईंपर्यंत तो पोहोचणार कसा? त्यांना रिमोटने पडद्यावरची अक्षरे जुळवत ‘सर्च’ करायला लावणे हा अन्याय आहे. प्रसार भारतीनेही नोव्हेंबर २०२४ मध्ये गोव्याच्या चित्रपट महोत्सवात वेव्हज हे आपले अ‍ॅप सुरू केले. आपल्याच कराच्या पैशातून चालणारी संस्था. तिला केबलवर कायद्याने जागा आहे, होम स्क्रीनवर मात्र तिलाही रांगेत उभे राहावे लागते.

आणखी एक गोष्ट थोडक्यात सांगतो. टीव्ही आपल्यालाही पाहतो. पडद्यावर काय चालले आहे ते ओळखून ती नोंद कंपनीकडे पाठवणारे तंत्र अनेक संचांत असते. मघाशी ज्या व्हिझिओचे नाव घेतले, तिने १ कोटी १० लाख संचांवरून अशी माहिती लोकांना नीट न विचारता गोळा केली, म्हणून २०१७ मध्ये अमेरिकी सरकारी यंत्रणांनी तिच्याकडून २२ लाख डॉलर वसूल केले. आपल्याकडे व्यक्तिगत माहितीचा कायदा २०२३ मध्ये झाला आहे. घरी गेल्यावर संचाच्या सेटिंगमध्ये गोपनीयतेच्या पानावर जा आणि पाहण्याच्या सवयींची नोंद बंद करा. तरुण मुलांनी हे काम गावातल्या घराघरात करून द्यावे, अशी माझी विनंती आहे.

होम स्क्रीनला नियम लावता येतो का? येतो. ब्रिटनने मे २०२४ मध्ये माध्यम कायदा केला. बीबीसीसारख्या सार्वजनिक प्रसारकांची अ‍ॅप नेटवरच्या टीव्हीवर ठळक आणि सहज सापडतील अशा जागी ठेवणे त्याने मोठ्या प्लॅटफॉर्मवर बंधनकारक केले. जर्मनीने २०२० च्या माध्यम करारात याच दिशेने पाऊल टाकले होते. आपल्याकडे सरकारने नेमलेल्या समितीचा डिजिटल स्पर्धा कायद्याचा मसुदा मार्च २०२४ मध्ये प्रसिद्ध झाला, त्यात बड्या प्लॅटफॉर्मनी आपल्याच सेवेला झुकते माप देऊ नये असा विचार आहे. तो पुढे गेला पाहिजे. पण तेवढ्यावर भागणार नाही. केबलला लावलेल्या नियमांच्याच धर्तीवर होम स्क्रीनवर हवे: सार्वजनिक प्रसारक पहिल्या पानावर, घराने निवडलेल्या भाषेची अ‍ॅप एकत्र, पहिली रांग हवी तशी लावण्याची आणि नको ते काढून टाकण्याची सोय, आणि पैसे घेऊन दिलेल्या जागेवर तसे स्पष्ट लिहिलेले. महाराष्ट्र शासन मराठीसाठी धोरणे आखते. केंद्राकडे ही मागणी मांडणे त्या धोरणाचा भाग व्हायला हवा. दुकानाच्या पाटीवर मराठी आणि घरातल्या पडद्यावर मराठी बेपत्ता, असे चालणार नाही.

हे सगळे दिल्लीत आणि मुंबईत ठरायचे, आपण गुंजवण्यात बसून काय करणार, असे कोणाच्या मनात येईल. म्हणून कायद्याची एक बाजू सांगून थांबतो. स्पर्धा कायद्याच्या १९ व्या कलमाप्रमाणे कोणतीही व्यक्ती किंवा ग्राहकांची संघटना आयोगाकडे माहिती दाखल करू शकते. डिसेंबर २०२० मध्ये ओला आणि उबेरच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले की, माहिती देणाऱ्याचे स्वतःचे नुकसान झालेले असण्याची गरज नाही. टीव्हीच्या प्रकरणाची सुरुवातही दोन माणसांच्या अर्जाने झाली होती. त्या तडजोडीच्या अटी २०३० पर्यंत आहेत. एखाद्या संचावर मराठी अ‍ॅप बसवू दिले जात नसेल, बसवलेले मागे ढकलले जात असेल, किंवा आधीच घातलेले काही काढूच देत नसतील, तर संचाचे मॉडेल, तारीख आणि पडद्याचा फोटो जपून ठेवा. इथल्या वाचनालयाने अशा नोंदींची एक वही आजपासून सुरू करावी. पुढे अर्ज करायची वेळ आली तर आयोगासमोर पहिला पुरावा तीच वही असेल.